उष्टं पाणी

आम्ही पिढीजात बिनहोडीचे. मालवणच्या बाजूला आमच्या किनाऱ्यावर रापण लागायची. होडीतून लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोल टाकायचं आणि त्याचे दोन्ही दोर वाळूवर उभं राहून माणसांनी ओढायचे, ती रापण. होडी एकाची, जाळं दुसऱ्याचं, आणि बाबांचे नुसते हात. पण मासळी वर आली की वाटे पडत. होडीचा वेगळा, जाळ्याचा वेगळा, आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा एकेक. रस्त्याने जाणारा कुणी शेवटी शेवटी येऊन दोराला हात लावून गेला, तरी त्याच्या पिशवीत मूठभर बांगडे पडायचेच. "जेचो हात दोराक, तेका वाटो," असं बाबा म्हणत, आणि त्यावर कधी वाद झालेला मला आठवत नाही.

हे सगळं पाठ असूनही जर्मनीतल्या आखनमध्ये मी आख्खा एक सीझन दुसऱ्याच्या होडीत मुकाट्याने मागे बसून काढला. मनात नुसती धुमसत होते. आणि गंमत अशी की राग होता तो भलत्याच माणसावर.

आखनला मी इंजिनिअरिंगचं पुढचं शिकायला गेले आणि मग पीएचडीला तिथेच चिकटले. गिअरबॉक्स आवाज का करतो, हा माझा विषय. चार वर्षं त्या आवाजात काढल्यावर मला पाणी आठवायला लागलं. जर्मनीत गळ टाकायचा तर आधी परीक्षा द्यावी लागते, माशांची नावं, गाठी, कायदे, सगळं जर्मनमधून. बाबांना फोनवर सांगितलं तर ते खोकला येईपर्यंत हसले. "मासे धरूक परीक्षा? आणि नापास झालंस तर मासे तुका धरतले काय?"

पास झाले. मग आयफेलच्या डोंगरातल्या एका धरणावरच्या क्लबात नाव घातलं. तिथे 'स्पर्धा' हा शब्द उच्चारायचा नाही. मासा धरायचा तो खाण्यासाठी, चढाओढीसाठी नाही, असा कायदा. म्हणून वर्षातून सहा रविवारी 'सामुदायिक मासेमारी' व्हायची, सगळ्या होड्या एकाच वेळी सुटायच्या, एकाच वेळी परतायच्या, आणि मग कुणाचा हेश्ट किती सेंटिमीटरचा ते क्लबच्या फळ्यावर खडूने लिहायचे. ह्याला स्पर्धा नाही म्हणायचं तर काय सत्यनारायण म्हणायचं? हेश्ट म्हणजे तिथला दांडगा मासा, लांब थोबाडाचा, मोरी माशासारख्या, म्हणजे शार्कसारख्या दातांचा. तो न मिळालेल्याच्या नावापुढे आडवी रेघ.

ज्यांना होडी नाही ते 'मिटफारर', सोबत बसणारे. त्यांना वर्षभरासाठी कुठल्यातरी होडीवाल्याशी जोडून देत. माझ्या वाट्याला आलेला होडीवाला सत्तरीकडे झुकलेला निवृत्त टर्नर होता. तोंडाने मी त्यांना हेर अमुकतमुक म्हणायची, मनात काका. ते मला 'फ्राउ डॉक्टर' म्हणत. अजून झाले नाही म्हटलं तर म्हणत, होडीत झालात. पहिल्या दिवशी चढताना त्यांनी पुढच्या टोकाकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं, मी हसून "नाइन, नाइन, असू दे" म्हटलं, आणि मागे जाऊन बसले.

होडीत पुढे आणि मागे ह्यात जमीनअस्मानाचा फरक. पुढे उभं राहणाऱ्याच्या पायाखाली बॅटरीवरच्या मोटरीचं पेडल असतं. होडी कुठे न्यायची, किती वेळ थांबायची, हे तो ठरवतो. गवताचा कोपरा, पाण्यात पडलेलं झाड, जिथे मासा दबा धरून बसतो त्या प्रत्येक जागी पहिला गळ त्याचा. मागच्याच्या वाट्याला त्याने आधीच पिंजून काढलेलं पाणी. आमच्याकडे ह्याला एक नेमका शब्द आहे. उष्टं.

त्या वर्षी जर्मनीत फुटबॉलचा वर्ल्ड कप होता. रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला झेंडे, आणि मी रविवारी रविवारी उष्ट्या पाण्यात गळ बुडवतेय. काकांनी दोन हेश्ट धरले, दोन्ही वेळा हातजाळं मी धरलं. ते आभाराचं "डांके" म्हणाले आणि पुन्हा पुढे तोंड करून उभे राहिले. मला वाटायचं, आता म्हणतील, ये गं पुढे. कसले म्हणतायत! मी पहाटे उठून थालीपीठं लावून न्यायची, अर्धी त्यांना द्यायची. म्हटलं, खाल्ल्या अन्नाला तरी जागेल माणूस. पुढच्या वेळी ते काटा-सुरी घेऊन आले.

सहा रविवार, सहा आडव्या रेघा. संध्याकाळी घरी फोन लावला की बाबांचा एकच प्रश्न, "काय गो, गावला काय?" मी नाही म्हणायची. एकदा मात्र मी सगळं ओकले, म्हातारा कसा स्वार्थी आहे, पुढची जागा कशी सोडत नाही. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू मागलंस?" मी म्हटलं, असं मागायचं कसं, होडी त्यांची. "मगे गप बस. भीड भिकेची भयण," म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

नोव्हेंबरात सीझन संपल्यावर काकूंनी, म्हणजे काकांच्या बायकोने, मला कॉफीला बोलावलं. सफरचंदाचा गरम केक होता. मी एक तुकडा खाल्ला. काकूंनी विचारलं, अजून एक? मी म्हटलं, नाइन, डांके. त्यांनी ताटली उचलून कपाटावर ठेवली. मग मजेत म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही भेटलात. ऑपरेशन झाल्यापासून ह्यांना एकट्याने पाण्यावर जायची बंदी आहे. सोबत कुणी नसेल तर मी सोडतच नाही. आणि तुम्ही किती समजूतदार! तुम्हाला मागेच बसायला आवडतं, असं हे सांगत होते."

माझा कप बशीवर आदळला. आवडतं? सहा महिने ज्या माणसाच्या पाठीकडे बघत मी दातओठ खाल्ले, तो घरी जाऊन सांगतोय की हिला मागे आवडतं? माझं जर्मन रागात फार चांगलं होतं, व्याकरणसुद्धा चुकत नाही. मी समोर बसलेल्या काकांना विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

"तुम्ही," काका म्हणाले. ते खरंच गोंधळले होते. "आल्झो, म्हणजे, पहिल्या दिवशी मी विचारलं, पुढे उभ्या राहता का? तुम्ही नाइन म्हणालात. दोनदा."

मग मी सांगायला लागले. आमच्याकडे पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं असतं. हावरट दिसू नये म्हणून. दुसऱ्यांदा विचारलं की नको-नको म्हणत थोडं सरकायचं. तिसऱ्यांदा घ्यायचं. पहिला नकार कुणी मोजतच नाही, विचारणारा तर मुळीच नाही. काका म्हणाले, "पण मग खरंच नको असेल तर?" मी म्हटलं, तर चौथ्यांदा नको म्हणायचं.

काकू कपाटाकडे बघत होत्या. "म्हणजे तो केक..." त्या हळूच म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं. "हवा होता."

काकू इतक्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले. काका हसले नाहीत. ते म्हणाले, "सहा रविवार," आणि मान हलवत राहिले. मलाही वाईट वाटलं. पण मी वाईट वाटून थांबणाऱ्यातली नाही. ताटली खाली आली तशी मी रापणीचा हिशेब मांडला. होडी तुमची, होडीचा वाटा तुमचा, तो मला नको. पण माझ्याशिवाय ही होडी धक्का सोडत नाही, म्हणजे दोराला माझाही हात आहे. तेव्हा वेळ निम्मी निम्मी. पहिला तास कुणाचा हे काकांनी ठरवायचं, तो होडीचा मान. काका म्हणाले, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. काकूंनी स्वयंपाकघरातून अंडी उकडायचं घड्याळ आणून दिलं, कोंबडीच्या आकाराचं, तासाभराने टर्रर वाजणारं.

पुढच्या वर्षी ती कोंबडी होडीच्या मधोमध बसायची. वाजली की जागा बदल. मासा गळाला तोंड लावत असला तरी बदल, तक्रार नाही. पुढच्या टोकावर मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा होडी गोलगोल फिरवली आणि काका मागून ओरडत होते, पण काय सांगू, राणी झाल्यासारखं वाटलं! मी वाईट नव्हते. कुठे मासा असेल ते मला दिसायचं. दोन हेश्ट गळाला लागून सुटले. पण फळ्यावर सुटलेले मासे लिहीत नाहीत. आणखी पाच रेघा झाल्या. अकरा.

बारावा रविवार ऑक्टोबरात आला. धक्क्यावर बॅटरी चढवताना काका म्हणाले, होडी विकली. गुडघे ऐकत नाहीत. घेणारा पुढच्या आठवड्यात येऊन नेणार. रेशन आणायला गेलो होतो, एवढ्याच स्वरात सांगितलं. होडी गेली की मीही परत क्लबच्या फळ्याखाली उभी राहून कुणाच्या तरी होडीत मागची जागा शोधणार. म्हणजे माझ्या हेश्टला उरला हाच एक दिवस.

दुपारी दोनला माझा तास संपत आला होता आणि तीनला सगळं संपणार होतं. मी होडी एका आडव्या पडलेल्या झाडाकडे नेत होते. सकाळी तिथे पाणी एकदा फुगून फिरलं होतं, खाली मोठं काहीतरी वळल्यासारखं. तिथे मासा होता, मला पैजेवर माहीत होतं. झाड वीस हातांवर आलं आणि कोंबडी वाजली.

काकांनी झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नाइन," ते म्हणाले. "तुम्ही थांबा पुढे. मी बसलोय तो बरा."

नाइन म्हणजे नाइन. हे मला केकसकट शिकवलं गेलं होतं. त्यांच्याच कायद्याने झाड माझं होतं. खरं सांगते, मी एक फेक टाकलीसुद्धा. गळ फांदीजवळ पडला, मी तो ओढत आणला, आणि पूर्ण वेळ मला मागचं ऐकू येत होतं. काही नाही. ते गळ टाकतच नव्हते. मी वळून बघितलं. काका आपल्या गळाच्या काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत बसले होते.

मी म्हटलं, या ना पुढे, तुमचा तास आहे. नाइन. अहो, या. नाइन, गुडघा. मग माझं डोकं फिरलं. मी काठी खाली ठेवली, पेडलवरून पाय काढला आणि मागे येऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. "मी उठलेय," मी म्हटलं. "पुढे आता कुणी नाही. वाऱ्याने होडी झाडात घुसेल. तुमची होडी आहे, बघा काय करायचं ते."

ते उठले. शिव्या घालत उठले, पण उठले. मी मागे उभी राहून त्यांचं जाकीट मुठीत धरलं, तोल गेला तर असावं म्हणून. तिसऱ्या फेकीला काठी कमानीसारखी वाकली. एका हातात जाकीट, दुसऱ्या हातात हातजाळं, आणि काका लहान मुलासारखे "लांगझाम, लांगझाम", म्हणजे सावकाश, असं ओरडतायत, मला की माशाला कोण जाणे. हेश्ट जाळ्यात आला तेव्हा मला रडू फुटलं. आनंद झाला होता, पण तो माझा मासा होता, मी शोधलेला.

फळ्यावर काकांच्या नावापुढे एक्क्याण्णव लागले, त्या वर्षातला सगळ्यात मोठा. माझ्या नावापुढे बारावी रेघ. खडूवाल्याने ती जरा लांबच ओढली, असं मला वाटलं.

धक्क्यावर काकांनी वर्तमानपत्र पसरलं, मासा साफ केला आणि त्याचे तीन वाटे केले. एकाकडे बोट दाखवून म्हणाले, मी. दुसऱ्याकडे, तुम्ही. तिसऱ्याकडे, होडी. आपला वाटा त्यांनी गुंडाळला. मग बाकीचे दोन्ही उचलून माझ्यापुढे धरले.

"नाइन, नाइन," मी म्हटलं. "होडीचा वाटा तुमचा. तसंच ठरलंय."

"एक," काका म्हणाले आणि अंगठा वर केला. "होडीचा वाटा घ्या, फ्राउ डॉक्टर."

"अहो, नको."

"दोन." दुसरं बोट. त्यांच्या हाताला माशाचे खवले चिकटले होते. "घ्या."

मी तिसऱ्यांदा नको म्हणाले नाही. पिशवी पुढे केली.

संध्याकाळी फोन लावला. "काय गो, गावला काय?" बाबांनी विचारलं.

"वाटो गावलो," मी म्हटलं. "माझो पण, आणि होडयेचो पण."

बाबा आईला हाक मारून सांगायला लागले, फोन हातातच धरून, जरा मोठ्याने, शेजारच्या घरात जाईल अशा आवाजात.

"ऐकलंस? होडयेचो वाटो, आमच्या घरात!"