मास्तरांची साक्ष

"दिसत नाही ना? हेच तर वांदे आहेत."

ऑफिसात आले की मास्तर आधी हे म्हणायचे आणि मग ओठाच्या डाव्या कोपऱ्याला रुमाल लावायचे. तिथून चहा ओघळायचा. तो ओघळलेला त्यांना स्वतःला कळत नसे. समोरच्याची नजर हनुवटीवर गेली की कळे.

मी नाशिकला एका वकिलांकडे टायपिंग करते. अपघाताच्या नुकसानभरपाईचे दावे हेच आमचं मुख्य काम, त्यामुळे कुबड्या आणि पट्ट्या मला नव्या नाहीत. मास्तर आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, हातपाय शाबूत. बाकावरच्या एका पाय मोडलेल्या माणसाने त्यांना विचारलं, "तुमचं कोण हाय दवाखान्यात?"

"मीच होतो," मास्तर म्हणाले.

ते जुन्या नाशकातल्या एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. अख्ख्या बँडला सूर त्यांचा. दिंडोरी रोडला एका वरातीत मागून गाडी घुसली. मास्तर तोंडावर पडले, वाजवतच होते, वाद्य तोंडात. जबडा मोडला, पुढचे दात गेले आणि ओठातली नस तुटली. दात नवे बसवता आले. नस बसवता आली नाही.

अपंगत्वाचा दाखला काढायला आम्ही दोघं गेलो, तर डॉक्टर म्हणाले, "चालता येतं, बोलता येतं, जेवता येतं. यात अपंगत्व कुठलं धरू?" शेवटी नावापुरतं काहीतरी लिहून दिलं. बाहेर आल्यावर मास्तरांनी मला विचारलं, "ताई, घास चावता आला की माणूस धडधाकट धरतात का हो?" तसंच धरतात.

गाडीच्या विमा कंपनीचे वकील तो दाखलाच धरून बसले. हा माणूस आजही वाजवू शकतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी अर्ज दिला, की पुढच्या तारखेला अर्जदाराने वाद्य घेऊन यावं आणि कोर्टासमोर वाजवावं. कोर्टाने मंजूर केला.

आमच्या साहेबांनी मास्तरांना समोर बसवलं. "हे बघा मास्तर, नाटक करायचं नाही. जे होतं ते दिसू द्या. वाजलं नाही तर नाही वाजलं."

"हो साहेब."

"फुटला आवाज, तर फुटू द्या."

"हो," मास्तर म्हणाले, पण त्यांची मान खाली होती.

तारखेच्या दिवशी कोर्टात ही गर्दी. दुसऱ्या दाव्यांचे पक्षकारही बसून राहिले. शिपायाने पंखा बंद केला. मास्तरांनी पेटी उघडली, क्लॅरिनेट जोडलं, ओठ पुसले आणि नवरीच्या पाठवणीची एक चाल वाजवली. दोनच ओळी. काय सांगू तुम्हाला! मागे बसलेल्या एका बाईने पदर डोळ्याला लावला. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. आमचे साहेब मात्र पांढरे पडले होते.

"वा!" विमा कंपनीचे वकील म्हणाले. "मला आणखी काही विचारायचं नाही."

साहेब घाईने उठले. "मास्तर, असं किती वेळ वाजवू शकता तुम्ही? वरात तर तीन-तीन तास चालते."

नुसतं 'आता होत नाही' म्हणायचं होतं. मास्तरांच्या रुमालाला रक्त लागलेलं मला माझ्या जागेवरून दिसत होतं. त्यांनी तो मुठीत दाबला आणि म्हणाले, "रियाज ठेवला तर वाजेल साहेब."

बाहेर व्हरांड्यात त्यांच्या बायकोने मला बाजूला घेतलं. "महिनाभर दार लावून बसत होते. ओठ फाटायचा, की बर्फ लावायचे आणि पुन्हा सुरू. त्या दोन ओळींपुढे एक सूर निघत नाही हो. मी म्हटलं, कशाला जीव काढता? तर म्हणतात, चार लोकांत बेसूर कसं वाजवू?"

निकाल लागला. दवाखान्याच्या बिलांपुरतं मिळालं. धंदा बुडाल्याची मागणी फेटाळली. कारणही दिलं होतं: अर्जदाराने न्यायालयासमोर सुरेल वादन केले. मास्तरांनी मला ते वाक्य दोनदा वाचायला लावलं.

"सुरेलच लिहिलंय ना?"

"हो मास्तर."

साहेब चिडलेच होते, तरी म्हणाले, "हायकोर्टात अपील करू. त्या वाजवण्यावरून हा निष्कर्ष काढता येत नाही, असं मांडू."

"म्हणजे मी बेसूर वाजवलं, असं सांगायचं?"

"तसं नाही..."

"तसंच आहे साहेब. नको." ते उठले, मला नमस्कार केला आणि गेले. अपिलाची मुदत निघून गेली. ते परत आले नाहीत.

गेल्या लग्नसराईत गंगापूर रोडला वरातीमुळे माझी रिक्षा अडकली. पुढे कीबोर्डवाला पोरगा जोरात वाजवत होता. त्याच्यामागे स्पीकरची आणि जनरेटरची हातगाडी होती, आणि ती ढकलणाऱ्यांत मास्तर होते. लाल कोट, सोनेरी बटणं, डोक्याला फेटा. आमची नजरानजर झाली. मी हात वर केला. त्यांनी ओळख दाखवली नाही. गाडीचं चाक खड्ड्यात अडकलं होतं. मास्तरांनी खांदा लावला, डोळे मिटले आणि गाडी वर काढली.