उर्फ लिहायचं राहिलं

"आंटी, ये कौन हैं?" दवाखान्यात कायद्याचे कागद बघणाऱ्या मुलीनं अण्णांच्या कागदावरच्या एका नावाखाली पेन टेकवून विचारलं.

"मैंइच हूं," मी म्हटलं.

तिनं माझं आधार कार्ड पाहिलं, कागद पाहिला, मग परत मला पाहिलं. आधारवर सासरचं नाव, कागदावर माहेरचं. नुसतं आडनाव नव्हे, नावच वेगळं! आता त्या तेलुगू पोरीला काय सांगू, की आमच्यात लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात, आणि जुनं त्या दिवशी खलास? तरी सांगितलं. तिला मोठी मौज वाटली. मग म्हणाली, "पर आंटी, प्रूफ होना."

अण्णा म्हणजे माझे वडील. जन्मभर दिवाणी वकिली केली. पक्षकारांना दम भरायचे, "दोन नावं असतील तर मध्ये 'उर्फ' लिहा. एका उर्फपायी पिढ्या कोर्टात सडतात." आणि स्वतःच्या कागदात नेमकं तेच गाळलं. विसरले असतील असं मला वाटत नाही. माझं सासरचं नाव त्यांनी कधी तोंडात घेतलंच नाही. "तांदळातलं नाव पाखडलं की गेलं," असं माझ्या सासऱ्यांच्या तोंडावर म्हणाले होते. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

कागद केला आई गेल्यावर. अण्णा आणि मी नल्लकुंट्यातल्या घरून ऑटोनं कोठीच्या बाजारपेठेत गेलो, नोटरीसमोर दोन साक्षीदारांनी सह्या केल्या. लिहिलं होतं साधंच. बरं व्हायची आशा नसेल तर श्वासाचं मशीन नको, घशात नळी नको, असलेली काढा. आणि 'मला बोलता येत नसेल तर माझ्या वतीनं माझी मुलगी संमती देईल', पुढे माझं माहेरचं नाव. बाहेर येऊन चहा पिताना म्हणाले, "चला, मी सुटलो."

"आणि मी अडकले त्याचं काय?" मी रस्त्यातच भडकले.

"तू मास्तरीण आहेस. पोरांना नापास करताना हात कापतो का तुझा?"

कापायचा. त्यांना कधी सांगितलं नाही एवढंच.

मग यंदा मेंदूत रक्तस्राव झाला. दवाखान्यात नेल्या नेल्या नळी घातली. त्या धावपळीत कागद कोण विचारतं, आणि मीही काढला नाही. सात दिवस गेले. डोळे मिटलेले, पण उजवा हात आपोआप उठायचा आणि नळीकडे जायचा. म्हणून तो पट्ट्यानं खाटेच्या दांडीला बांधला होता. सातव्या दिवशी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता हे परतणार नाहीत. त्याच दुपारी मी कागद पुढे केला, आणि नावावर गाडं अडलं.

दवाखान्यातल्या त्या मुलीनं नीट समजावलं. कागद मान्य झाला तर डॉक्टरांची एकामागून एक दोन मंडळं तपासतील, दोन्हींचं 'हो' आलं की तुमची सही, आणि मशीन काढतील. कागद मान्य नाही झाला तर जवळच्या सगळ्यांची संमती लागेल. सगळे म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ. तो अमेरिकेत. रोज फोनवर एकच: "अक्का, मी येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही." आणि येण्याची तारीख काही सांगेना.

"दोनों नाम वाला कुछ भी लाओ आंटी."

"देखती हूं," मी म्हटलं.

आता खरं सांगते. तो कागद माझ्याकडे होता. शाळेत नोकरी लागली तेव्हा डिग्री जुन्या नावावर होती, म्हणून नावातला बदल सरकारी गॅझेटमध्ये छापून घेतला होता. कपाटात, साड्यांखाली, प्लास्टिकच्या पिशवीत. तिनं 'प्रूफ' म्हटलं त्याच क्षणी मला ती पिशवी दिसली. घर ऑटोनं वीस मिनिटांवर. आणि मी म्हटलं, बघते!

चार दिवस असेच काढले. सकाळी ती विचारायची, "मिला आंटी?" मी म्हणायची, "ढूंड रई हूं बेटा." घरी जायची, अंघोळ करायची, कपाटासमोर उभी राहायची आणि न उघडता परत यायची. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय! मनाला सांगायची, नाव जुळत नाही त्यात माझा काय दोष? कायदाच आडवा आला. अण्णांची नखं वाढली होती, ती मी कापली. पट्टा तसाच होता. त्या हाताकडे बघवत नव्हतं आणि तिथून उठवतही नव्हतं.

चौथ्या दिवशी भाऊ म्हणाला, "अक्का, एवढे वकील, आणि उर्फ लिहिलं नाही? त्यांच्या मनातच नसणार. बरंच झालं."

माझ्याच मनातलं होतं ते. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि लाजच वाटली. "गप्प बस!" असं ओरडून मी फोन ठेवला. तशीच घरी गेले, पिशवी काढली आणि मुलीच्या टेबलावर ठेवली. ती केवढी खूश झाली! जणू माझी सोन्याची बांगडीच सापडली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या मंडळानं होकार दिला. दुसऱ्यात सरकारनं नेमलेला डॉक्टर लागतो. तो पुढच्या दिवशी दुपारी येणार होता. संमतीचा फॉर्म मुलीनं आधीच माझ्या हातात दिला. तो यायच्या दिवशी सकाळी साडेदहालाच अण्णांचं हृदय आपणहून थांबलं. घशात नळी होती आणि हात बांधलेला होता. फॉर्म कोराच राहिला.

दोन दिवसांनी भाऊ आला, तेव्हा अण्णांना शवागारातून घरी आणलं. गळ्यात पडून रडला आणि म्हणाला, "सही तुझ्या हातून झाली नाही, देवानं वाचवलं तुला. फार केलंस तू त्यांचं." मी मान हलवली. मग तो अण्णांपाशी बसला, त्यांचा उजवा हात हातात घेतला आणि मनगटावरचा काळानिळा वळ बघून थबकला.

"हे काय गं?"

"नळी ओढू नये म्हणून बांधलं होतं."

"किती दिवस?"

"तेरा," मी म्हटलं. "पहिले सात डॉक्टरांचे. शेवटचे दोन कायद्याचे. मधले चार माझे."