दोन्हीकडचा दलाल

सिद्धलिंगप्पांना निवांत बसलेलं मी फारसं पाहिलेलं नाही. बैलांचा दलाल बसून कसा चालेल, असं ते म्हणायचे. सांगोला, मोहोळ, बार्शी, जिथं बाजार असेल तिथं दिवसभर उभे, आणि घरी आले की पडवीत येरझाऱ्या. आमची खोली त्यांच्या खोलीला लागून होती. अभ्यासाला बसलं की मधल्या भिंतीपलीकडून त्यांची पावलं ऐकू येत. पंचाहत्तर साली संक्रांतीची गड्ड्याची जत्रा संपली आणि ती पावलं वाढली.

कारण आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि त्याला सिद्धलिंगप्पांची खोली पाडव्यापर्यंत रिकामी हवी होती. त्याच सुमारास बाळीवेशीच्या आत गंगम्मा नावाच्या विधवा बाईंचं घर विकायला निघालं. दगडी भिंती, तीन खोल्या, वर माळवद, मागं अंगण आणि अंगणात आड. गंगम्मा लेकीकडं अक्कलकोटला जाणार होत्या. त्यांनी सोळा हजार सांगितले होते. सिद्धलिंगप्पांकडं जमिनीचा वाटा विकून आलेले चौदा होते, त्याच्या वर फारसं नाही. आता सोळाच्या किती खाली जाऊन मागायचं, एवढंच ठरवायचं होतं, आणि तेच ठरत नव्हतं.

उभा जन्म भाव ठरवण्यात घातलेल्या माणसाला हे जड का जावं, असं मला वाटलं. मग नीलम्मांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, समजावून सांगितलं. जनावरांच्या बाजारात भाव कुणी तोंडानं बोलत नाही. टॉवेलाखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबायची. किती मागितले, किती दिले, ते त्या दोन हातांनाच कळतं. कमी मागितलं म्हणून कुणाची शोभा होत नाही, नाही म्हटलं तर कुणाचा पाणउतारा होत नाही. "तीस वर्सं बोटांनी बोललेत," नीलम्मा म्हणाल्या. "आता गंगम्माचा हात धरतात का काय?"

त्यांचे जोडीदार दलाल कल्लप्पा पडवीत येऊन बसले की तोच विषय.

"बारानं सुरू कर बे. ती पंधरा म्हणंल, तू तेरा म्हण, चौदाला तुटंल."

"आन् बारा ऐकून ती रागावली तर?"

"बैलवाला रागावतो का कधी?"

"बैलवाला न्हाई, बाई हाय ती. अख्ख्या गल्लीत सांगंल, सिद्धलिंगप्पानं माझ्या घराला बारा लावले म्हणून."

"मग पंधरा लाव आन् बाजारात तोंड दाखवू नको. पोरं म्हणतील, दुसऱ्याचा बैल घासून घेतोय आन् सोताच्या घराला लुबाडला गेला."

कल्लप्पा चहा पिऊन जायचे आणि येरझाऱ्या पुन्हा सुरू व्हायच्या. सकाळी ते मुद्दाम गंगम्मांच्या गल्लीतून जात, घराकडं न बघितल्यासारखं बघत आणि परत येऊन म्हणत, भिंत चांगली आहे. दुपारी म्हणत, माळवद जुनं आहे. साखर पेठेतला एक मागवालाही ते घर बघून गेल्याचं कानावर आलं. तो ते पाडून तिथं यंत्रमाग बसवणार होता. बाजारात असं दुसरं गिऱ्हाईक नेहमीच निघतं आणि नेहमीच खोटं असतं, हे त्यांना पाठ होतं. तरी त्या दिवशी ते जेवले नाहीत.

एका संध्याकाळी नीलम्मा सूप घेऊन ज्वारी निवडत होत्या, मी उंबऱ्याशी होते. सिद्धलिंगप्पा येऊन बायकोसमोर मांडी घालून बसले.

"तू आता गंगम्मा."

"बरं."

"मी आलो. बसलो. पाणी पिलो. काय म्हणता गंगम्माक्का, घराचं?"

"सोळा." नीलम्मांची नजर सुपातच.

"त्ये कळलं. पण घर जुनं हाय."

"तुमी कुटं नवे हाय?"

मला हसू आवरेना. ते मात्र गंभीर होते. "बारा देतो."

"सोळा."

"साडेबारा."

"सोळा."

"अगं, जरा तरी खाली ये की! इतकी वर्सं माझ्यासंगं काढलीस, तेराला तरी ये."

"मी काय तुमची बायको हाय? मी गंगम्मा. ह्या घरात मी सासू पोचवली, मालक पोचवला, लेकीची हळद केली. सोळाच्या खाली पैसा न्हाई."

"नीले, तू कुणाकडनं हायस?"

"घराकडनं," नीलम्मा म्हणाल्या, आणि सूप जोरात पाखडलं.

मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळात सगळे नळ कोरडे होते, तवा मी त्या बाईच्या आडावरनं घागरी आणल्या. गल्लीतल्या सगळ्या आडांचा तळ दिसत होता, तिच्या आडाला पाणी होतं. तिनं कुणाला नको म्हणलं न्हाई. तुमी बारा म्हणा, न्हाईतर अकरा म्हणा. मला सांगू नका फकस्त."

त्यावर ते उठले आणि पडवीत गेले.

सोमवारी मागवाला इसार घेऊन येणार आहे, असा निरोप आला तेव्हा रविवार उजाडला होता. सांगोल्याचा बाजार सोडून सिद्धलिंगप्पा गंगम्मांकडं निघाले. सिटी सर्व्हेचा उतारा वाचायला म्हणून मला बरोबर घेतलं. नीलम्मांना नेलं नाही. "घरधनीण आली की भाव चढतो," असं मला म्हणाले, पण बोलताना हसले नाहीत. वाटेत दोनदा थांबून त्यांनी टोपी नीट केली. साडेबारा की तेरा, हे स्वतःशी चाललं होतं. ओठ हलत होते.

"बर्री, बर्री," म्हणत गंगम्मांनी दारातूनच आत बोलावलं. बारीक अंगाच्या, कपाळावर विभूतीचे पट्टे. मला बघून म्हणाल्या, "ही कोण?"

"शेजारची. लई शिकल्याली हाय. कागद वाचंल."

मी उतारा वाचला. नाव, नंबर, क्षेत्र, सगळं नीट होतं. कागद घडी करून ठेवला, आणि आता बोलायची वेळ आली. सिद्धलिंगप्पांनी घसा खाकरला. पुन्हा खाकरला. उजवा हात गुडघ्यावर नुसताच उघडत आणि मिटत होता.

शेवटी गंगम्माच बोलल्या. "आमचे मालक गेल्यावर गाड्याची बैलजोडी तुमीच विकून दिलती. आठवतं का?"

"व्हय. दुधनीच्या माणसाला."

"एकाचा खूर वाईट होता. तुमी म्हणला, घेणाऱ्याला सांगणार. मला राग आलता. पण तुमी सांगितलं, आन् वर माझ्या बैलांची चाल बी त्याला दावली, आन् भाव चांगला आणला."

"दलालाचं कामच त्ये हाय, अक्का. खोड घेणाऱ्याला सांगायची, गुण विकणाऱ्याला सांगायचा. दोघं आंधळे नकोत."

"मग मला आता कोण हाय? जावई म्हणतो, इकून टाका कसं बी. त्या मागवाल्याशी मला बोलता येत न्हाई. मला दलाल एक तुमीच ठावा. तुमी माझ्याकडनं बी बसा. दोन्हीकडनं बसा, आन् सांगा ह्या घराचं काय होतंय. तुमी सांगाल त्ये मला मान्य."

सिद्धलिंगप्पांनी माझ्याकडं पाहिलं. बाराही गेले होते, साडेबाराही गेले होते. त्यांचा चेहरा एकदम थकल्यासारखा दिसला. मग ते उठून मधल्या खोलीत गेले, हातातली काठी वर करून तुळईवर मारली. आवाज बद्द आला.

"ही तुळई वाळवीनं आतून खाल्लीय. पाच-सहा वर्सांत बदलावी लागंल. माळवदाची माती बी काढावी लागंल."

"मला ठावं न्हवतं," गंगम्मा म्हणाल्या.

"त्याचे अडीच हजार जातात. साडेतेरा."

पहिल्यांदाच तोंडानं बोललेला भाव त्यांचा त्यांनाच मोठ्यानं ऐकू आला असावा, कारण ते थोडे दचकले. गंगम्मांनी वाळवीच्या तुळईकडं एकदा बघितलं.

"तुमी म्हणता म्हणजे बरोबर. साडेतेरा."

एवढंच. ना घासाघीस, ना रुसवा. त्या आत गेल्या, डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, आणि त्या मुठीत घडी केलेल्या नोटा घेऊन आल्या.

"ही माझ्याकडची दलाली. बैलांच्या वेळी शेकडा एक घेतलाता. तेवढीच धरली."

सिद्धलिंगप्पांनी हात पुढं केला नाही. मागंही घेतला नाही. मग म्हणाले, "जरा थांबा," आणि अंगणात गेले. आडाच्या कठड्याशी उभे राहिले, खाली वाकून बघितलं, परत आले, पुन्हा गेले. मला वाटलं चक्कर आली. मी पाठीमागं गेले तर ते म्हणाले, "काय न्हाई पोरी, काय न्हाई." कपाळावर घाम होता आणि विभूती ओघळली होती.

आत येऊन ते बसलेच नाहीत. "गंगम्माक्का, मी आड धरला न्हाई."

"म्हंजे?"

"खोड सांगितली. गुण सांगितला न्हाई. बहात्तर साली ह्या गल्लीत पाणी कुणाच्या आडाला होतं?"

"आमच्या."

"मग? असा आड असल्याली घरं किती हायत? त्याचं मोल धराय पायजे."

गंगम्मा हसल्या. "पाण्याचं मोल? कधी कुणाकडनं पैसा घेतला न्हाई मी पाण्याचा. आता म्हातारपणी घेऊ?"

"तुमी घिऊ नका. भाव घेतो. पंधरा."

"साडेतेरा म्हणला की आत्ता."

"त्यो घेणारा बोलला. आता दलाल बोलतोय. पंधरा."

गंगम्मा मग मुठीतल्या नोटा उलगडायला लागल्या. "मग दलाली बी वाढली की."

"ती तुमच्याकडनं न्हाई घेत. घेणाऱ्याकडनं घेईन."

"देईल का त्यो?"

"लई चिकट माणूस हाय," सिद्धलिंगप्पा म्हणाले. "बघू."

परतताना ते इतके भरभर चालत होते की मला मागं मागं पळावं लागत होतं. एक हजार कमी पडत होते. ते कुठून आणायचे याचं काहीच ठरलेलं नव्हतं. कोपऱ्यावर थांबून त्यांनी मला विचारलं, "चौदात झालं असतं का गं? तुमच्या बुकात काय लिवलंय?" बुकात असलं काही लिहिलेलं नसतं.

त्या एक हजारासाठी गंगम्मा थांबल्या. पाडव्याला हे दोघं तिथं राहायला गेले तेव्हा त्या मागच्या खोलीत राहिल्या. सिद्धलिंगप्पांनी त्या उन्हाळ्यात एक बाजार चुकवला नाही, आणि मृग निघायच्या आत पैसे पुरे केले. जाताना गंगम्मांनी नीलम्मांना आडाची दोरी नवी घ्यायला सांगितली, एवढंच मला आठवतं.

त्यांना घर मिळालं तसे सिद्धलिंगप्पा निवांत झाले असतील असं कुणी समजेल. त्याच दिवाळीत मी त्यांच्याकडं गेले तर ते दारात उभे होते आणि दूधवाल्याला विचारत होते, "तुज्या मतानं ह्या घराचं काय होतंय?"

दूधवाला म्हणाला, "होतील की मामा, तेरा-चौदा."

"तेरा? भिंत बघ बे आदी! दगड बघ! आड बघ!" त्याला हाताला धरून त्यांनी अंगणात नेलं.

तेवढ्यात कल्लप्पा आले. मुद्दामच म्हणाले, "आज विकायला काढलंस तर अठरा येतील."

सिद्धलिंगप्पा कठड्यावर बसले, लगेच उठले. "अठरा कसे? मी तर पंधराच दिले की! मग त्या बाईचे तीन हजार कुटं गेले?"

आतून नीलम्मा म्हणाल्या, "कुणी काय बी सांगा, ह्यांना पटत न्हाई." आणि मला चहासाठी आत बोलावलं.