ठेवायची की विकायची?

"रखनी है कि बेचनी है?"

गाडीचं बॉनेट उघडण्याआधी उस्तादजी हा प्रश्न विचारायचे. गिऱ्हाईक नवं असो की वीस वर्षांचं, उत्तर मिळेपर्यंत पान्याला हात लावायचे नाहीत.

करोल बागेत सुट्या भागांच्या दुकानांमागे, गल्लीत त्यांचं गॅरेज होतं. दिल्लीत नव्या गाड्यांच्या शोरूम नुकत्याच चमकू लागल्या होत्या, आणि आम्ही लक्ष्मीबाई नगरातले सरकारी नोकर मात्र थकलेली इंजिनं ओढत त्यांच्याकडे जात होतो. अशा इंजिनात तेल वर चढतं, प्लग काळा, चिकट होतो आणि गाडी ठसकत बंद पडते. उस्तादजी प्लगखाली आट्यांची एक बोटभर नळी बसवायचे. तिला अडॅप्टर म्हणत. प्लग तेलापासून जरा लांब राहतो आणि गाडी गुमान चालते. प्रत्येक नळीवर ते कानशीने तीन रेघा ओढायचे. "मेरी करतूत है, पहचान में तो आए," म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

माझ्या हिंदीची त्यांनी फार थट्टा केली. पहिल्याच भेटीत मी म्हणालो होतो, "गाडी से तेल खाली गिरता है." ते गोंधळले. "खाली है तो गिरेगा क्या, साहब?" माझं 'खाली' म्हणजे हिंदीतलं रिकामं नव्हे, मराठीतलं 'नीचे', हे समजल्यावर त्यांनी आख्ख्या गल्लीला बोलावून सांगितलं.

'बेचनी है' म्हणणाऱ्याला मात्र ते चहा पाजून परत पाठवायचे. मी एकदा कारण विचारलं.

"बीमारी जाती नहीं, साहब. सिर्फ़ चुप हो जाती है. तेल तो पीती रहेगी. आपको मालूम है, आप हर इतवार डालोगे. खरीदने वाले को कौन बताएगा?"

पुढे माझा नव्या गाडीचा नंबर लागला. जुनी घ्यायला पाटणकर तयार होता. पुण्याचा मुलगा, गुडगावात नव्या कंपनीत इंजिनिअर, आमच्या मराठी मंडळात यायचा. "काका, आईबाबा आलेत आणि आमच्या तिकडे साधी रिक्षा मिळत नाही," म्हणाला. गाडी तेव्हा ठसकत होती. मी करोल बागेत गेलो.

"रखनी है," मी म्हणालो.

त्यांनी चारही नळ्या स्वतः बसवल्या. रविवारच्या तेलाची आठवण करून दिली. गाडी अगदी गुणी झाली आणि आठवड्याच्या आत मी ती पाटणकरला दिली. दर रविवारी तेल बघ, एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगितलं असतं तर तो 'का' म्हणाला असता, म्हणून मी सांगितलं नाही.

मे महिन्यात, भर दुपारी, पाटणकरच्या बाबांच्या छातीत दुखू लागलं. त्यांना घेऊन तो दिल्लीकडे निघाला आणि अर्ध्या वाटेत इंजिन जाम झालं. कुणीतरी टेम्पोत घेतलं तोवर बराच वेळ गेला होता. बाबा इस्पितळापर्यंत पोचले नाहीत.

तेराव्यानंतर पाटणकरने गाडी ओढून करोल बागेत आणली. या मिस्त्रीचं कौतुक मीच केलं होतं, त्यामुळे मला सोबत जावं लागलं. उस्तादजींनी प्लग काढला, नळी काढली, फडक्याने पुसली. तीन रेघा दिसल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाटणकर पाणी प्यायला बाजूला गेला होता.

"साहब, आप बताओगे?" त्यांनी हळूच विचारलं.

मी नळीवरच्या रेघांकडे बघत राहिलो. पाटणकर परत आला.

"क्या हुआ था इसको?"

"तेल ख़त्म था," उस्तादजी म्हणाले. "ये नली मैंने लगाई थी. तेल का बताना मेरा काम था. नहीं बताया."

पाटणकरने त्यांची कॉलर धरली. "मेरे पिताजी चले गए!" तो ओरडत होता, त्यांना गदागदा हलवत होता. माझ्या वडिलांच्या वयाचे उस्तादजी मान खाली घालून हलत राहिले. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. शेवटी मध्ये पडून त्यांना सोडवलं, आणि गल्लीतले लोक मलाच भला माणूस म्हणाले. त्या क्षणाची मला आजही किळस येते.

माफी मागायला जायचं मी महिनोन् महिने ठरवत होतो. गेलो तेव्हा कुलूप होतं. शेजारचा दुकानदार म्हणाला, "उस दिन के बाद उस्ताद ने पाना नहीं उठाया. बेटा गाँव ले गया. वहीं गुज़र गए."

हे मी तुम्हाला सांगतोय. पाटणकरला सांगितलेलं नाही. तो दर दिवाळीला मिठाई घेऊन येतो, वाकून पाया पडतो.

"काका, त्या दिवशी तुम्ही मध्ये पडलात," तो दर वर्षी म्हणतो, "नाहीतर त्या माणसाला मी जिता सोडला नसता."

"चहा घे, निवतोय," मी म्हणतो.