मखमलीतली रिकामी खोबण

जुन्या पलटणींचे बिल्ले जमवण्याचा मला छंद आहे. अहेरीच्या आठवडी बाजारात पितळी मोडीच्या ढिगातून ते क्वचित हाती येतात. काळवंडलेले पितळ मी घासत नाही. तो काळिमा हेच त्याचे वय. एक नियम मात्र निष्ठेने पाळत आलो: सेवेत असलेल्या माणसाचा बिल्ला घ्यायचा नाही.

एका दलाची परंपरा मी लाकडी पेटीत मांडली होती. पहिला बिल्ला राजमुकुटाचा; दुसऱ्यावर मुकुट जाऊन सिंह आलेले. तिसरा, आजचा, माझ्याकडे नव्हता. तरी मांडणी पूर्ण दिसावी म्हणून त्याच्या मापाची खोबण तांबड्या मखमलीत आधीच कापून ठेवली होती.

त्याच दलातला, राजुऱ्याचा एक जवान रविवारी माझ्याकडे येई आणि आपल्या दलाचा पूर्वेतिहास मांडी घालून ऐके. गेल्या माघात तो मधल्याच वारी आला. टोपीवरचा बिल्ला काढून त्याने सरळ खोबणीत बसवला.

“पाहा गुरुजी, मापात बसला! माह्यासाठीच कापली होती का जी?”

“काढ तो. तू सेवेत आहेस.”

“उद्या मोहिमेवर जंगलात जाऊन राह्यलो. तिथं हा चमकते, दुरून दिसते. आल्यावर नेतो. तुमचे जुने सिंह काई त्याले खात नाई.”

तो हसला. मला हसू आले नाही. तो गेल्यावर बिल्ला उचलून मी देवघरात बाळकृष्णापाशी ठेवला, त्याला रोज कुंकू वाहू लागलो. पेटीचे झाकण लावले, तरी ती खोबण दृष्टीपुढून हलेना. जे अजून आपले नाही त्याच्यासाठी जागा करून ठेवणे मला तोवर कधी अशुभ वाटले नव्हते.

एके सकाळी संध्या करीत असता छपरावरून हेलिकॉप्टर दक्षिणेकडे गेले. ते परतले तेव्हा रस्त्यावरची माणसे बोलायची थांबली होती.

दुपारी त्या जवानाचा दलातला सोबती दारात आला. बूट न काढता उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

“गुरुजी, त्याचा बिल्ला तुमच्यापाशी हाये म्हने.”

“तो स्वतः येऊन नेणार होता.”

सोबत्याने मान खाली घातली. “तिरंग्यावर टोपी ठेवा लागते, गुरुजी. बिल्ल्याबिगर कशी ठेवाची? गाडी राजुऱ्याले निघून राह्यली.”

मी देवघरातून बिल्ला आणला. त्याच्या रेषांत कुंकू साचले होते. उपरण्याने पुसू लागलो, तर त्याने माझा हात धरला.

“राहू द्या. तसाच लावतो.”