थोरल्याच्या गाडीचा धूर

माझा थोरला भाऊ कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. तो अकोल्याच्या दवाखान्यात होता आणि मी अमरावतीला घरच्या एका खोलीत तापानं आडवा. त्याचं तोंड मला पाहायला मिळालं नाही. मी बरा झालो, पण नाकाला वास येणं गेलं ते परत आलंच नाही. मी डिझेल मेकॅनिक आहे. बडनेरा रोडला माझं लहानसं गॅरेज आहे. आमच्या धंद्यात कानाइतकंच नाक लागतं. पूर्वी गाडी आली की मी आधी सायलेन्सरपाशी जाऊन उभा राहायचो. आता कान आणि हात यांवरच भागवतो.

भावाचा ट्रक अकोटला, त्याच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत उभा होता. त्यात तो कापसाच्या गाठी, सरकी, हरभरा वाहायचा. तो गेल्यावर वहिनीनं ड्रायव्हर ठेवून पाहिला, जमलं नाही, आणि गाडी उभी राहिली. मागच्या हिवाळ्यात तिचा फोन आला.

"भाऊजी, गाडीले गिऱ्हाईक आलं हाये. नवी बॅटरी टाकून चालू करून पाह्यली, तर नुसता पांढरा धूर सोडून राहिली. तुमी एकदा येऊन पाहून जा."

अवजारांची पिशवी घेऊन मी सकाळच्या एसटीनं दर्यापूरमार्गे अकोटला गेलो. घरात माय आणि वहिनी, दोघीच. चहाला न थांबता मी गाडीवर चढलो. इतके दिवस उभ्या असलेल्या डिझेलमध्ये पाणी उतरतं, म्हणून आधी फिल्टरमधलं पाणी सोडलं, लाइनमधली हवा काढली, मग स्टार्टर मारला. इंजिन लंगडत चालू झालं. आणि मागून धूर निघाला. दाट, पांढरा, जमिनीलगत सरपटणारा. कुंपणावरून तो गल्लीत गेला आणि तिथंच साचून राहिला.

थंडीत कोणतंही डिझेल इंजिन सुरुवातीला थोडा पांढरा धूर सोडतं. गरम झालं की तो जातो. मी सीटवर बसून वाट पाहत होतो. तेवढ्यात माय घरातून आली. हातात चहाचा ग्लास. सरळ ड्रायव्हरच्या दाराशी येऊन तिनं हात वर केला. मी ग्लास घेतला तशी तिनं मान वर करून पाहिलं.

"तू हाये काय," ती म्हणाली, आणि आत गेली.

इंजिन गरम झालं, धूर काही कमी झाला नाही. समोरच्या घरातली बाई पदर नाकाला लावून म्हणाली, "थ्याचा जीव अडकला हाये गाडीत. काहून इकता?" आमच्या घरात असलं काही मानत नाहीत. आम्ही बुद्धविहारात जाणारी माणसं. भाऊ तर ट्रकला कधी लिंबू-मिरची बांधू द्यायचा नाही. पण खरं सांगतो, त्या धुराकडे पाठ करून काम करणं मला जमेना. पुन्हा पुन्हा वळून पाहत होतो.

असा धूर दोन कारणांनी येतो. एक, हेडचं गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या हेडखालची पट्टी, जाऊन रेडिएटरचं कूलंट घातलेलं पाणी आत शिरतं आणि वाफ होऊन बाहेर पडतं. त्याला गोडसर वास असतो. दुसरं, एखाद्या सिलिंडरमध्ये डिझेल नीट जळत नाही आणि कच्चंच बाहेर येतं. त्याचा वास उग्र, डोळ्यांत पाणी आणणारा. पूर्वी मी दोन श्वासांत सांगितलं असतं. आता धुरात तोंड घालून उभा राहिलो तरी काही कळेना. शेवटी मी म्हटलं, "वहिनी, जरा इकडे या. मले वास येत नाही. तुमी सांगा कसा हाये."

ती आली. सायलेन्सरजवळ वाकली. डोळे मिटून तिनं श्वास घेतला आणि बराच वेळ तशीच राहिली.

"गोड हाये काय?" मी विचारलं.

"नाई. डोळे झोंबून राहिले." मग ती म्हणाली, "भाऊजी, थ्याईच्या सदऱ्याले असाच वास यायचा. धुतला तरी जायचा नाई."

मी पुन्हा श्वास ओढला. भाऊ त्या धुरात होता आणि मला तो कळत नव्हता. नुसती हवा आत गेली.

खात्री करायला इंजिन बंद केलं, ते गार झाल्यावर रेडिएटरचं झाकण काढून पुन्हा चालू केलं. पाणी भरलेलं होतं, बुडबुडा नव्हता. म्हणजे गॅस्केट शाबूत. अॅक्सिलरेटर दाबला की धूर विरायचा, पाय काढून इंजिन मंद चाललं की पुन्हा दाटायचा. मग एकेका सिलिंडरच्या डिझेलच्या पाइपाचं नट ढिलं करत गेलो. चांगल्या सिलिंडरचं नट ढिलं केलं की इंजिन दबतं, जोर कमी होतो. एका जागी काहीच फरक पडला नाही. तिथलं नोझल डिझेल फवारत नव्हतं, नुसतं ठिबकवत होतं.

"हे काढून अकोल्याले नेतो, तिथं दुरुस्त होईल," मी म्हटलं.

"आज नका काढू," वहिनी म्हणाली. "गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात येनार हाये. तवाच काढा."

मी अवजारं पुन्हा पिशवीत भरली.

पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच धूर दिसला. गाडी चालू होती. वहिनी ड्रायव्हरच्या सीटवर बसली होती, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मला पाहून ती हलली नाही. मी इंजिन ऑइलची पट्टी काढून पाहिली. ऑइल वाढलं होतं आणि पाण्यासारखं पातळ झालं होतं. न जळलेलं डिझेल खाली उतरून त्यात मिसळत होतं.

"रोज चालू करता?"

तिनं हो म्हणून मान हलवली.

"वहिनी, अशी चालवली तर इंजिन जाईल."

"मंग मी थ्याईची गाडी खराब करून राहिली?"

मी पट्टी पुसून परत घातली आणि गाडीच्या पायरीवर चढलो. ती समोर पाहत म्हणाली, "मलेही तोंड पाहू देलं नाई, भाऊजी. दवाखान्यातून घरी आली तर कपडेही जाळून टाकले होते सगळ्यांनी, बिमारीच्या भेवानं. एक रुमाल नाई ठेवला. मी कुठं पाहू थ्याईले?"

मी पायरीवर उभा होतो. इंजिनचा ठोका दाराच्या पत्र्यातून माझ्या हातात येत होता. मग तिनं स्वतःच स्टॉपची तार ओढली. गाडी थरथरली आणि बंद पडली. धूर मात्र बराच वेळ कुंपणाजवळ रेंगाळत होता.

त्याच दिवशी नोझल काढून अकोल्याला नेलं, दुरुस्त करून आणलं, ऑइल बदललं. चालू केल्यावर थोडा धूर आला आणि निवळला. इंजिन एकसारखं चालायला लागलं. वहिनी मागे जाऊन सायलेन्सरपाशी वाकली आणि उभी राहिली.

"काहीच नाई," ती म्हणाली. "आता तुमी अन् मी सारखेच झालो."

दोन दिवसांनी गिऱ्हाईक गाडी घेऊन गेलं. गाडी वळणाआड गेल्यावरही बराच वेळ माय ओट्यावर बसून होती. वहिनी आत शिवणयंत्रावर बसली होती. यंत्राचा आवाज येत नव्हता.

नंतर मायनंच मला फोनवर सांगितलं. शेजाऱ्यानं त्या मोकळ्या जागेत ट्रॅक्टर लावला होता. वहिनी बाहेर आली आणि त्याला म्हणाली, "इथं नका लावू. इथं गाडी उभी रायते." शेजारी तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. मग ट्रॅक्टर मागं घेऊन निघून गेला. ती जागा अजून तशीच मोकळी आहे.