साळवे सरांची हिरवी रेघ

साळवे सरांचं शिकवताना काही चुकलं, की ते स्वतः बाकावर उभे राहत. कोपरगावजवळच्या शाळेत ते विज्ञान शिकवत, मी गणित. "पोरांना उभं करतो, मग मला काय सूट हाय का?" असं म्हणत ते चढत. मला तो प्रकार जरा अतीच वाटे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. लाल ठिपक्याचे लेझर शिर्डीच्या दुकानांत दिसू लागले होते. सरांच्या पुतण्याने परदेशातून हिरवा आणला, पेनाएवढा. सरांनी भर दुपारी घरात लावून पाहिला, तर हवेत अख्खी रेघ! निवृत्ती तोंडावर आली होती. त्यांनी वर्गात जाहीर करून टाकलं, "शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात सगळ्या गावाला भर उन्हात रेघ दाखवतो. न्हाई दिसली तर गावासमोर बाकावर."

"सर, आधी मैदानात बघून घ्या," मी म्हटलं.

"बाई, हिरवा रंग डोळ्याला सगळ्यात चांगला दिसतो. तुम्ही बेरजा सांभाळा."

प्रदर्शनाला गाव लोटलं. सरांनी बटण दाबलं. काहीच दिसेना.

"सर, सेल टाकलेत न्हवं?" गुऱ्हाळवाले भाऊसाहेब ओरडले. हशा पिकला. सर मुकाट बाकावर चढले. दहावीतली सुनीता रडू लागली, तसे वरूनच म्हणाले, "रडते काय? घरी दिसली, इथं नाही. का, ते शोध."

संध्याकाळी मी आणि सुनीता त्यांच्या घरी गेलो. बुद्धमूर्तीपुढे उदबत्ती जळत होती.

"सर, त्या दुपारी घरी रेघ दिसली, तेव्हा पण उदबत्ती होती?" सुनीताने विचारलं.

"ती काय, रोजच असते." म्हणता म्हणता सरांची नजर उदबत्तीच्या धुरावर गेली. रोजची म्हणूनच ती त्यांच्या ध्यानात आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते वर्ग घेऊन भाऊसाहेबांच्या गुऱ्हाळावर हजर. कढईत रस आटत होता, पत्र्याखाली वाफ दाटली होती. सर्वांना मागे उभं करून सरांनी बटण दाबलं. वाफेत या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी, ताठ रेघ उमटली. वाफ उसळत होती, रेघ हलत नव्हती. भाऊसाहेबांचा ढवळता हात थांबला तो थांबलाच, आणि खाली गूळ करपला.

"सर, आख्खी कढई गेली की वो!" ते म्हणाले. मग हळूच, "आनी एकदा दावा."

"म्हणजे सर, तुमचं बरोबरच होतं," सुनीता म्हणाली.

"चूक ती चूक. रेघ कधी दिसतच नसते, पोरी. दिसते ती वाफ."

पुढे काही वर्षांनी सर गेले. पुण्यानुमोदनाला, त्यांच्या श्रद्धांजलीच्या वंदनेला, आम्ही त्यांच्या घरी बुद्धमूर्तीच्या त्याच खोलीत बसलो होतो. पत्र्याच्या भोकातून आलेला उन्हाचा कवडसा उदबत्तीच्या धुरात खांबासारखा उभा होता. कोणीतरी पंखा लावला. धूर पांगला, खांब नाहीसा झाला.

"बाई, तो आहे तिथंच," शेजारून सुनीता पुटपुटली.

ते मलाही ठाऊक होतं. तरी मी हात पुढे केला. तळव्यावर ऊन पडलं.